सुईचा पाव फेरा

उजनीचे पाणी कालव्याने येण्यापूर्वी करकंबच्या शिवारातील बागाईत विहिरींवर पोसले जाई, आणि मोटा मोडीत निघाल्यानंतर त्या विहिरींचे दैव तेलाच्या इंजिनांच्या हाती गेले होते. कोणाचे खडकीच्या किर्लोस्करांचे, कोणाचे साताऱ्याच्या कूपरचे, अशी ही अवजड यंत्रे पत्र्याच्या छपराखाली चौथऱ्यावर बसून मिनिटाला सहासातशे फेरे घेत, आणि त्यांच्या पुकपुकण्यावरून कोणाचे पाणी चालू आहे व कोणाचे बंद पडले आहे, याची बित्तंबातमी साऱ्या गावास अंथरुणातच मिळत असे. एखादे इंजिन रुसले आणि मालक हँडल मारमारून घामाघूम झाला, की बांधाबांधाने माणसे जमत. कोणी म्हणे, ‘हवा धरलीया’, कोणी म्हणे, ‘नोझल काढून बघा’, कोणी डिझेलमध्ये पाणी असल्याचा संशय व्यक्त करी. मालक हे सारे ऐकून घेई, आणि त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे, सांगितलेले आळीपाळीने करूनही पाही. कारण उसाला पाणी मिळाल्याशी त्याला कर्तव्य. ते कोणाच्या अकलेने मिळाले याची नोंद सात-बाराच्या उताऱ्यावर होत नाही.

मनुष्य दुसऱ्याचा सल्ला मानतो की धुडकावतो, हे त्याच्या स्वभावावर अवलंबून असते असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते ते जवळपास पंच बसलेला आहे किंवा नाही, यावर अवलंबून असते. या मताला मी येऊन पोहोचलो तो माझ्या भाच्याच्या विमानामुळे, आणि त्याची कैफियत सांगणे हाच या लेखाचा हेतू आहे.

हा भाचा पुण्यास कॉलेजात होता आणि तेथे एन.सी.सी.च्या हवाई विभागात दाखल झाला होता. एन.सी.सी. 1948 साली स्थापन झाली आणि 1950 साली तिला हवाई शाखा फुटली. या शाखेच्या अभ्यासक्रमात विमानांच्या लहान प्रतिकृती तयार करून उडवणे हा एक रीतसर विषय आहे. आपल्याकडील पोरांना उनाडक्या करण्यासाठी सरकारी मंजुरी व खाकी गणवेश मिळण्याचा दुसरा प्रसंग माझ्या माहितीत नाही. सुट्टीत घरी येताना तो एक लांबट खोके मांडीवर घेऊन आला. कुर्डुवाडीला उतरून पंढरपूरच्या छोट्या गाडीत बसताना ते खोके त्याने टपावर किंवा बाकाखाली ठेवू दिले नाही, आणि त्यात अंडी आहेत असे समजून शेजारची म्हातारी त्याला वाटभर भाव विचारत आली.

खोक्यात विमान होते. त्याच्या पंखांच्या फासळ्या बाल्सा नावाच्या लाकडाच्या होत्या. हे लाकूड दक्षिण अमेरिकेतील एक्वादोरहून येते आणि हाताला वजन लागत नाही इतके हलके असते. वजनाची ही उणीव ते किमतीत भरून काढते. असले विमान आकाशात मोकळे सोडत नाहीत. उडवणारा मध्यभागी मूठ धरून उभा राहतो, मुठीपासून पंखापर्यंत पस्तीस-चाळीस फूट लांबीच्या दोन बारीक पोलादी तारा गेलेल्या असतात, आणि मूठ कलवली की शेपटीची फळी वर किंवा खाली होऊन विमान त्याप्रमाणे चढते वा उतरते. विमान वर्तुळात फिरते, सबब उडवणाऱ्यालाही स्वतःभोवती फिरावे लागते, आणि उड्डाण संपल्यावर विमान सुरळीत उतरले तरी वैमानिक सरळ चालत बाहेर येईलच अशी खात्री देता येत नाही.

परंतु सारे कौतुक इंजिनाचे. कलकत्त्याहून मागवलेले, दीड सी.सी.चे, मुठीत झाकून जाईल एवढे ते यंत्र पाहून आमच्या बागाईतदारांनी प्रथम ते खेळण्यातले समजून सोडून दिले. पण ते डिझेल आहे आणि मिनिटाला दहा हजारांच्या घरात फेरे घेते, असे कळताच त्यांच्या मुद्रा पालटल्या. त्याला ठिणगीचा प्लग नाही, बॅटरी नाही. अमेरिकेत रे आर्डेन नावाच्या गृहस्थाने 1947 साली प्लॅटिनमच्या तारेचा तापता प्लग बाजारात आणला आणि छोट्या इंजिनांच्या दुनियेत क्रांती केली. तथापि आपल्याकडे गरिबाघरी डिझेलच बरे, कारण त्याला सुरू करण्यासाठी फक्त एक बोट लागते. ते बोट पुढे शाबूत राहते की नाही, हा प्रश्न वेगळा. या इंजिनावर नियंत्रणाच्या जागा दोनच. डोक्यावर एक आडवी दांडी असलेला स्क्रू. तो आवळला की आतील जागा कमी होऊन दाब वाढतो. बाजूला एक सुई; ती मिटली की इंधन कमी, उघडली की जास्त. सारी विद्या या दोन फिरत्या वस्तूंत साठवलेली आहे, आणि साऱ्या विपत्तीही.

इंधनाचा बंदोबस्त हा स्वतंत्र अध्याय होतो. ईथर, रॉकेल आणि एरंडेल असे तीन जिन्नस साधारण समभाग मिसळायचे. पैकी रॉकेल रेशनकार्डावर, आणि तेवढ्यासाठी भाच्याने घरातील कंदिलाच्या वाट्यातून जी चोरटी उचल केली तिचा बोभाटा माजघरापर्यंत गेला. एरंडेल वाण्याकडे मिळाले. पण एकाच घरात इतके एरंडेल जाते आहे हे पाहून त्या सद्गृहस्थाने आमच्या कुटुंबाच्या प्रकृतीची जी आस्थेवाईक चौकशी आरंभली ती थांबवता थांबवता पुरेवाट झाली. ईथरसाठी पंढरपूरला जावे लागले. औषधविक्रेत्याने चष्म्यावरून पाहत, “शस्त्रक्रिया कोणावर आहे?” असे विचारले, आणि “विमानावर” हे उत्तर ऐकून बाटली पुन्हा फडताळात ठेवून दिली. अखेर ओळखीच्या एका डॉक्टरांची चिठ्ठी रुजू केल्यावर ती मिळाली.

आता या ईथरचा एक गुणधर्म असा, की ते सुमारे साडेचौतीस अंश सेंटिग्रेडला उकळते. लंडनात ही गोष्ट पुस्तकात वाचून विसरण्याजोगी आहे. परंतु सोलापूर जिल्ह्यात चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या वर मुक्काम ठोकून असतो, आणि तेथे उन्हात ठेवलेल्या बाटलीचे बूच एकदा सैल झाले की ईथर कोणाचाही निरोप न घेता निघून जाते. मागे उरते ते रॉकेल आणि एरंडेल, आणि एवढ्या सामग्रीवर दिवा लावता येतो व कोठा साफ करता येतो, विमान मात्र उडवता येत नाही.

हे प्रथम ज्यांच्या ध्यानात आले ते आबा. आबा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त होऊन करकंबला शेती पाहत होते. बार्शी लाइट रेल्वे विलायती कंपनीची होती तेव्हापासूनची त्यांची नोकरी. 1954 साली ती सरकारजमा झाली तरी आबांच्या तोंडी अखेरपर्यंत ‘आमच्या कंपनीत’ असेच येई. अडीच फुटी रुळांवरच्या इंजिनांपासून विहिरीवरच्या इंजिनांपर्यंत सर्वांशी त्यांचे बोलणे होते. ज्वारी काढून मोकळ्या पडलेल्या रानात भाचा जेव्हा पंख्याला बोटाने फटके मारमारून रडकुंडीस आला होता, तेव्हा आबा बाभळीखालून उठले, त्यांनी बाटली हुंगली आणि म्हणाले, “यातलं जनावर पळालंय. बाटली वल्या फडक्यात गुंडाळ, सावलीत ठेव, आन् बूच घट्ट लाव.” नवे इंधन आले, बाटली गोणपाटात गेली, आणि इंजिन काही फटक्यांत गरजले.

तेव्हापासून आबा रोज येत. इंजिन जुळवण्याची त्यांची पद्धत पाहण्यासारखी होती. हवेच्या तोंडावर बोट ठेवून पंखा दोनदा फिरवायचा म्हणजे इंधन ओढले जाते. तिसऱ्यांदा फिरवला तर पोट भरून पंखा अडतो, आणि तशात जोर केला तर आतला दांडा वाकतो, सबब तिसऱ्यांदा नाही. मग फटका. इंजिन अडखळत पेटले की डोक्यावरचा स्क्रू किंचित आवळायचा, आवाज सलग झाला की सुई हळूहळू मिटत आणायची, आणि इंजिन तापले की स्क्रू पुन्हा केसभर सैल करायचा. हे करीत असताना आबा इंजिनाकडे पाठ करून उभे राहत. डोळा लबाडी करतो, कान करीत नाही, असे त्यांचे म्हणणे. धुराड्यातून उडणाऱ्या तेलाचा थेंब ते अंगठ्याच्या नखावर घेत व उन्हात धरीत. थेंब पिवळसर असला की मान हलवीत, काळपट असला की इंजिन बंद करण्याचा हुकूम सुटे. पहिले काही दिवस त्यांनी विमान उडवूच दिले नाही. इंजिन फळीवर ठोकून, इंधन जास्त ठेवून, ते नुसते चालू ठेवले. भाचा तक्रार करू लागला तेव्हा ते म्हणाले, “नवा खोंड पहिल्या दिशी नांगराला जुंपत न्हाईत, बाळ.”

पुण्याची स्पर्धा जवळ आली तशी आबांनी उपदेशाची एकूण तीन कलमे ठरवून दिली. बाटली सावलीत. सुई जमिनीवर थोडी मोकळी, म्हणजे इंजिनाचा आवाज किंचित जड येईल अशी; कारण विमान हवेत गेले की पंख्यावरचा भार हलका होतो, फेरे वाढतात, गिरकीमुळे टाकीतील इंधन बाहेरच्या बाजूस रेटले जाते, आणि जमिनीवर जे मिश्रण बरोबर वाटत होते ते वर उपाशी पडते. आणि तिसरे कलम असे, की सकाळी तेथल्या हवेत एकदा जुळवून झाल्यावर सुईला हात लावायचा नाही. “कुनी काय बी सांगू दे. ब्रह्मदेव आला तरी लावू नगंस.”

पहिली दोन कलमे शास्त्राची होती, ती भाच्याने वहीत उतरून घेतली. तिसरे त्याने उतरून घेतले नाही. यात त्याचा दोष नव्हता. उत्तम सल्ल्याची मोठी अडचण ही आहे, की तो बहुधा काही न करण्याचा असतो. वैद्य सांगतो, खाऊ नका. वकील सांगतो, बोलू नका. फिटर सांगतो, हात लावू नका. आता मनुष्य स्पर्धेला जातो तो काहीतरी करण्यासाठी जातो. आपली पाळी येण्यापूर्वीचा तासभर, समोर इंजिन आणि खिशात पकड असताना, हात बांधून बसणे हे योग्यांना साधले तर साधेल. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही म्हण ज्याने रचली त्याने असल्या स्पर्धेचे मैदान पाहिलेले नसणार, पण न्हावी पाहिला होता हे पुरेसे आहे.

शिवाय सल्ला न मानणाऱ्याच्या पदरी एक बिनतोड पुरावा असतो, आणि तो म्हणजे राइट बंधू. आमच्या भाच्यानेही तो पुढे केलाच. 1903 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेख लिहून उडते यंत्र तयार होण्यास दहा लाख ते एक कोटी वर्षांची मुदत दिली होती, आणि त्याच वर्षीच्या 17 डिसेंबरला या सायकलवाल्या भावांनी ती दोन-अडीच महिन्यांत संपवली. त्यांनी जाणत्यांचे ऐकले असते तर? हा युक्तिवाद ऐकावयास गोड आहे. परंतु तो अग्रलेख लिहिला गेला तो उड्डाणाच्या याच खटपटीत असलेल्या लँग्लीसाहेबांचे यंत्र पोटोमॅक नदीत पडल्यावर, आणि लँग्लींची गोष्ट या मंडळींनी अधिक लक्षपूर्वक वाचावी अशी माझी शिफारस आहे. त्यांनी 1896 साली वाफेवर चालणारे, माणूस नसलेले छोटे विमान झकास उडवून दाखवले होते. मोठ्या विमानासाठी त्यांच्या मदतनिसाने, मॅन्लीने, बावन्न अश्वशक्तीचे जे इंजिन सिद्ध केले ते त्या काळी अजोड होते, तर राइटांचे इंजिन जेमतेम बारा अश्वशक्तीचे, त्यांच्याच दुकानातील चार्ली टेलर या मिस्त्रीने घडवलेले. असे असून लँग्लींचे यंत्र दोनदा पाण्यात गेले. राइटांनी दुसऱ्यांचे आकडे नाकारले हे खरे, पण तत्पूर्वी 1901 साली वाऱ्याचा बोगदा उभारून शेकडो आकाराचे पंख त्यात तपासले आणि मगच नाकारले. आमच्या भाच्याने आबांचे म्हणणे कोठल्याही बोगद्यात घातले नव्हते.

स्पर्धेची हकीकत थोडक्यात सांगता येण्याजोगी आहे, कारण ती थोडक्यातच आटोपली. पुण्याच्या मैदानावर भाच्याने सकाळी इंजिन जुळवले, सुई मोकळी ठेवली, बाटली ओल्या फडक्यात गुंडाळली. येथवर सारे आबांच्या फर्मानानुसार. मग शेजारच्या स्पर्धकाने आपले तापत्या प्लगचे इंजिन सुरू केले. ते जपानी, चकचकीत, आणि त्याचा आवाज वरच्या पट्टीत इतका स्वच्छ लागला, की त्याच्यापुढे आपले जडसर आवाजाचे इंजिन भाच्याला एकदम गावठी वाटू लागले. स्पर्धेत पराभवाला आरंभ बहुधा कानापासून होतो. तशात मागे उभ्या असलेल्या एका अनोळखी प्रेक्षकाने, ज्याच्या हाती भुईमुगाच्या शेंगांच्या पुडीखेरीज कसलेही यंत्र नव्हते, “थोडी टाइट करा, आवाज उघडेल” असे सुचवले. महिनाभर बाभळीखाली उन्हात उभे राहून आबांनी जे सांगितले ते ज्या कानात शिरले नाही, त्याच कानात शेंगा खाणाऱ्याचे वाक्य सरळ गेले. कारण आबांचे म्हणणे मानण्यात आबांचा मोठेपणा होता, आणि या सूचनेवर काही करण्यात स्वतःचा पराक्रम होता. भाच्याने सुई पाव फेरा मिटली. इंजिन गाऊ लागले.

पहिल्या काही फेऱ्या देखण्या झाल्या. पंच कागदावर काही लिहू लागले. मग भाच्याने विमान उभे चढवून उलटे केले, आणि त्या उलट्या अवस्थेत इंजिनाचा स्वर आधी आणखी वर गेला, नंतर चिरकला, मग बंद पडला. तारा सैल पडल्या. विमानाने पुढचा निर्णय स्वतःच घेतला व तो जमिनीच्या बाजूने लागला. भाचा त्यानंतरही अर्धी गिरकी फिरत राहिला, हे शरीरशास्त्राच्या नियमाला धरूनच झाले.

करकंबला ही वार्ता भाच्याच्या आधी पोहोचली. विहिरीवरच्या ज्या ज्या मंडळींनी त्या रानात कधी पाऊलही टाकले नव्हते त्या सर्वांनी ‘आम्ही तेव्हाच म्हणालो होतो’ असे जाबजबाब नोंदवून टाकले. आबा तेवढे काही बोलले नाहीत. त्यांनी इंजिन हातात घेऊन पंखा सावकाश फिरवून पाहिला, दाब अजून धरतो आहे याची खात्री करून घेतली, आणि विचारले, “कितीदा फिरवलीस?” “पावच फेरा, आबा.” “पाव का असंना. फिरवलीस न्हवं?”

पुढील वर्षी तह झाला. आबा स्वतः मदतनीस म्हणून पुण्याला येणार, इंजिन तेच जुळवणार, पकड त्यांच्याच कोटाच्या खिशात राहणार, आणि भाच्याने मूठ धरून उभे राहण्यापलीकडे कशातही दखल द्यायची नाही. या कलमांवर उभयपक्षी संमती झाल्यावर रेल्वेचा जुना खाकी कोट, पितळी कड्यांची हत्यारपेटी आणि गोणपाटातली बाटली अशा सरंजामानिशी आबांची स्वारी निघाली. असल्या खेळात मदतनिसाचे महत्त्व किती असते याची कल्पना नसलेल्यांसाठी सांगतो, की यातील जागतिक दर्जाच्या शर्यतीत विमानाने दहा किलोमीटरांच्या, म्हणजे शंभर फेऱ्या मारायच्या असतात, टाकी मात्र इतकी इवलीशी ठेवलेली असते की मध्येच इंधन भरण्यावाचून गत्यंतर नाही. तेव्हा मदतनीस धावत्या विमानाला हाताने झेलतो, इंधन भरतो, एका फटक्यात इंजिन चालू करतो आणि दोनचार सेकंदांत ते पुन्हा सोडून देतो. आबांना हे ऐकवले तेव्हा त्यांनी, “आमच्या कंपनीत पाणी भरायला येवढा वेळ लागत नव्हता,” एवढेच उत्तर दिले.

सकाळी आबांनी पाठ करून उभे राहून इंजिन जुळवले. थेंब नखावर पिवळा आला. सुई मोकळी, आवाज किंचित जड, सारे यथासांग. मग पाळीची वाट पाहणे सुरू झाले, आणि शेजारी पुन्हा एक जपानी इंजिन गाऊ लागले.

मी कुंपणाच्या दोरीबाहेर होतो. आबांनी प्रथम त्या आवाजाकडे दुर्लक्ष केले. मग मान तिरकी करून ऐकले. मग, फिटरकीत उभी हयात घालवलेला तो मनुष्य, ज्याने गावात एकाही इंजिनाला कारणावाचून हात लावलेला मी पाहिला नव्हता, कोटाच्या खिशात हात घालून उभा राहिला आणि खिशातल्या खिशात पकड उघडू-मिटू लागला. आमचे नाव पुकारले गेले. भाचा मूठ घेऊन वर्तुळाच्या मध्याकडे चालू लागला, आणि सहज मागे वळून पाहतो तो आबा विमानावर ओणवे झालेले.

“आबा,” तो तेथूनच ओरडला, “सुईला हात लावू नका!”

“गप र,” आबा मान वर न करता म्हणाले, “मला कळतंय.”

विमान सुरेख चढले. त्याच्या आवाजाची तारीफ माझ्या शेजारच्या दोघांनी केली. ती पुरी होण्याच्या आत उलट्या गिरकीत इंजिन चिरकले, बंद पडले, आणि या खेपेस विमान पंचांच्या मेजापासून जवळच उतरले. पंखाच्या फासळ्या गोळा करण्यास त्यांच्यापैकी एकाने मदतही केली.

करकंबला परतल्यावर चावडीपुढे मंडळी जमलीच. आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पान जमवले, आणि सर्वांचे प्रश्न शांतपणे ऐकून घेऊन निकाल दिला, की इंजिन झकास होते, जुळणीत यत्किंचित खोट नव्हती. पुण्याची हवाच पातळ, आपल्याकडच्यावानी तिला दम न्हाई. लोकांनी भाच्याकडे पाहिले. तो आबांना चुना देत होता. “पातळच आहे,” तो म्हणाला, “मागच्या वर्षीही होती.”